धपाटे : ज्वारी मुठीने, तेल चमच्याने

पहाटे रानात निघालेल्या माणसाच्या फडक्यात, एस.टी.च्या लांबच्या प्रवासात, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या डब्यात आणि अचानक आलेल्या पाहुण्याच्या ताटात आपल्याकडे एक पदार्थ हमखास दिसतो. तो म्हणजे धपाटे. नांदेड, लातूर, परभणी या भागात धपाटे आणि दही म्हटले की जेवणाचा प्रश्न मिटला. वेगळी भाजी करावी लागत नाही. वर लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी असली तर फारच उत्तम. पाठीत बसणारा धपाटा आणि ताटात येणारे धपाटे, दोन्ही हाताचेच काम !

पुण्या-मुंबईकडची मंडळी धपाट्याला थालीपीठ समजतात. दोघे भाऊ खरे, पण सख्खे नव्हेत. थालीपीठ भाजणीचे असते, म्हणजे धान्ये व डाळी आधी भाजून मग दळलेल्या असतात. धपाट्याला कच्चेच पीठ लागते, आणि त्यात मान ज्वारीचा. बिलोलीहून मांजरा ओलांडून बोधनच्या बाजूला गेले, की तेलंगणात तांदळाच्या पिठात हरभऱ्याची डाळ, तीळ व मिरची घालून भांड्यातच थापलेली ‘सर्व पिंडी’ मिळते. कर्नाटकात ‘तालिपट्टू’ आहे. जे धान्य शेतात पिकते त्याचे पीठ मळावे, त्यात तिखट-मीठ घालावे, हाताने थापावे आणि थोड्या तेलावर भाजावे, ही युक्ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना सारखीच ठाऊक आहे.

असे असताना हल्ली पुष्कळ घरांत धपाट्यावर संक्रांत आली आहे. “साखरेचा त्रास निघाला, धपाटे बंद केले”, “रक्तदाब आहे, तेलकट नको म्हणून धपाटे सोडले”, असे लोक सांगतात. त्याच घरात सकाळी चहाबरोबर टोस्ट-खारी चालते, संध्याकाळी गाड्यावरची भजी चालतात. मग धपाट्यानेच काय घोडे मारले ? खरा दोष धपाट्याचा नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यातले पीठ बदलले आणि तेलही बदलले. हे दोन्ही पूर्वपदावर आणले तर धपाटे हे अत्यंत पौष्टिक, स्वस्त आणि बहुतेकांना मानवणारे अन्न आहे. ते कसे करावे, किती खावे आणि कोणी जपून खावे, हे आज पाहू.

शिध्यातून आलेली भाकरी

पीठ आणि तेल बदलले की त्याच पदार्थाचा गुण कसा बदलतो, याचे एक उदाहरण साता समुद्रापलीकडचे आहे. स्कॉटलंडमध्ये ओट किंवा जवाच्या पिठाची जाड भाकरी करीत. तिला ‘बॅनॉक’ म्हणत. कातड्यांचा व्यापार करणाऱ्यांबरोबर ती कॅनडात गेली आणि तेथे गव्हाच्या पांढऱ्या पिठाची झाली. कोणी ती भाजते, कोणी तळते. अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्येही अशीच एक तळलेली भाकरी आहे. तिची कथा मात्र दुःखाची आहे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहो लोकांना त्यांच्या मुलखातून हुसकावले आणि शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन ठेवले. मका, घेवडा आणि भोपळा पिकवून खाणारे हे लोक. तेथे त्यांच्या पदरात सरकारी शिधा पडला. त्यात पांढरे पीठ होते, चरबी होती, मीठ आणि साखर होती. त्या बायकांनी आहे त्यातून पोरांची पोटे भरली. चरबीत तळलेली ती भाकरी पुढे त्यांच्या सणासमारंभाचा पदार्थ बनली. २००५ मध्ये दक्षिण डकोटा राज्याने तर तिला आपली अधिकृत भाकरी ठरवले.

आज अमेरिकेत मधुमेहाचे प्रमाण ज्या समाजांत सर्वांत जास्त आहे, त्यांत हे मूळ रहिवासी येतात. त्याला एकटी ती भाकरी कारण नाही. जमीन गेली, श्रम गेले, जुने धान्य गेले, गरिबी आली, हे सगळेच त्यात आहे. पण मक्याच्या जागी मैदा आणि रोजच्या ताटात तळण, हा बदल शरीराने सोसला नाही, हे तेथील अनेक जाणती माणसे स्वतःच सांगतात.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना यात काही ओळखीचे वाटेल. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले आणि रेशनवर मिळालेल्या परदेशी लाल ‘मिलो’ ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्या अन्नाने माणसे जगली, हे विसरता येणार नाही. संकटात जे मिळेल ते खावे. परंतु संकट सरल्यावर आपले धान्य परत ताटात आणायचे राहून जाते, आणि चूक होते ती तेथे.

पुढच्या काळात ज्वारीच्या रानात सोयाबीन आले, करडईचे पट्टे आक्रसले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद असली, तरी रेशनच्या पिशवीत प्रामुख्याने गहू आणि तांदूळच आले. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल होते. सणाला त्याची मदत झाली, यात शंका नाही. पण जे घरात येते तेच कढईत जाते. म्हणून आज पुष्कळ घरांत ज्वारीचे धपाटे गव्हाचे झाले आहेत, काही ठिकाणी त्यात चक्क मैदा पडतो, आणि तव्यावर चमचाभर तेल सोडण्याऐवजी ते कढईत सोडले जातात. नाव तेच राहिले, गुण मात्र गेला.

ज्वारीत आहे तरी काय ?

शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने, तेवढाच तंतुमय भाग आणि तीन-चार मिलिग्रॅम लोह असते. मैद्यात तंतुमय भाग याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आणि लोह निम्म्याच्या आसपास. तंतुमय भागामुळे पोट भरल्यासारखे वाटते, शौचाला साफ होते आणि जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. सकाळी दोन धपाटे खाऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत भुकेची आठवण काढत नाही, त्याचे कारण हेच.

ज्वारीच्या प्रथिनात मात्र एक उणीव आहे. शरीराला आवश्यक असलेला ‘लायसिन’ नावाचा घटक त्यात कमी असतो. तो हरभऱ्याच्या डाळीत भरपूर असतो. आपल्या आजी-पणजीने हे पुस्तकात वाचले नव्हते, तरी धपाट्याच्या पिठात बेसन घालण्याची रीत त्यांनीच पाडली. ज्वारी आणि हरभरा एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. त्यावर दही आले की चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचाही भाग सांभाळला जातो.

लोहाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो आपल्या घरोघरचा प्रश्न आहे. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. थकवा, धाप, चक्कर, कामात लक्ष न लागणे या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा तेच असते. धान्यातले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी शोषले जाते. म्हणून धपाट्याबरोबर लिंबाची फोड, आवळ्याचा ठेचा किंवा कच्चा कोबी-टोमॅटो असावा, आणि चहा तास-दीड तासाने घ्यावा. एवढ्या एका सवयीला पैसाही लागत नाही.

शेतकरी वाचकांसाठी एक माहिती. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेच्या सहकार्याने, ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. त्याच्या एका किलोत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या वाणांत हेच प्रमाण साधारण ३० आणि २० असते. घरी खाण्यापुरती ज्वारी पेरणाऱ्यांनी अशा वाणाची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात जरूर करावी. बिलोली तालुक्यात असे केंद्र सगरोळीला आहे. ज्यांना गहू मुळीच पचत नाही, अशा रुग्णांनाही ज्वारी चालते. मात्र त्यांनी धपाट्यात गव्हाचे पीठ घालू नये आणि दळण स्वच्छ चक्कीवर वेगळे दळून घ्यावे.

घरचे धपाटे : साहित्य

चार माणसांसाठी आठ मध्यम धपाटे होतील, असे प्रमाण पुढे दिले आहे.

ज्वारीचे ताजे पीठ ३०० ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, गव्हाचे पीठ ७५ ग्रॅम. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि एक चमचा जिरे, हे तिन्ही वाटून. हिरवी मिरची नसल्यास धर्माबादची लाल मिरची कुटून घालावी, पण बेताने. एक जुडी मेथी निवडून, धुऊन, बारीक चिरून. मेथी नसेल त्या दिवशी दोन कांदे किंवा किसलेला दुधी चालेल. मूठभर कोथिंबीर, दोन चमचे तीळ, अर्धा चमचा ओवा, पाव चमचा हळद, तीन-चार चमचे दही. मीठ एक लहान चमचा, सपाट. तेल आठ लहान चमचे, म्हणजे एका धपाट्याला एक.

येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा, ज्यात ५ मिलिलिटर तेल मावते. डावाने किंवा थेट बाटलीतून तेल सोडू नये. साऱ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

कृती

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गव्हातील चिकट प्रथिन, ज्याला ग्लुटेन म्हणतात, ते ज्वारीत नाही. म्हणून गार पाण्यात मळलेले धपाटे थापताना चिरते. त्यावर उपाय सोपा आहे. ज्वारीचे पीठ परातीत घेऊन त्यात कडकडीत गरम पाणी थोडे थोडे घालावे, चमच्याने हलवावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. उष्णतेने पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ एकजीव होते. हाताला सोसेल इतके निवाल्यावर बाकीचे सगळे साहित्य घालून मळावे. मेथीला आणि कांद्याला मिठाने पाणी सुटते, म्हणून पाणी सुरुवातीलाच जास्त घालू नये.

ज्वारी दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि त्याला कडवट वास येतो. असे पीठ कितीही मळले तरी धपाटे तुटतेच. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतेच दळण आणावे. बेसनही शक्यतो घरच्या डाळीचे असावे.

पोळपाटावर सुती, स्वच्छ, ओले फडके पसरावे. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा घेऊन ओल्या बोटांनी मधून कडेकडे थापावा. जाडी भाकरीपेक्षा किंचित अधिक ठेवावी. मध्ये एक आणि भोवती चार भोके बोटाने पाडावीत. लोखंडी तवा मध्यम आचेवर तापला की फडक्यासह धपाटे तव्यावर उलटे टाकावे आणि फडके अलगद सोडवून घ्यावे. भोकांत आणि कडेने अर्धा चमचा तेल सोडावे, झाकण ठेवावे. दोन-तीन मिनिटांनी उलटून उरलेला अर्धा चमचा सोडावा. झाकणाच्या वाफेने धपाटे आतपर्यंत शिजते, त्यामुळे तेल कमी लागते. दोन्ही बाजूंनी सोनेरी ठिपके आले की उतरवावे.

धपाट्याचे फडके हाही आरोग्याचाच विषय आहे. तेच फडके हात पुसायला, तेच तवा उतरवायला, असे करू नये. ते वेगळे ठेवावे, काम झाल्यावर साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. ओलसर, पीठ लागलेले फडके रात्रभर तसेच राहिले तर आंबते आणि त्यात जंतू वाढतात. दुधाच्या पिशवीवर थापण्याची पद्धतही काही घरांत आहे. थापायला हरकत नाही, पण ते प्लॅस्टिक तापलेल्या तव्याला लागू देऊ नये. केळीचे पान मिळाले तर फारच चांगले.

या प्रमाणातील एका धपाट्यातून सुमारे २४० उष्मांक आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन धपाटे, वाटीभर दही आणि कोशिंबीर हे मोठ्या माणसाचे एक वेळचे समतोल जेवण झाले.

तेलाचा हिशेब

एक लहान चमचा तेल म्हणजे सुमारे ४० उष्मांक. तेवढे खर्च करायला साधारण दहा मिनिटे झपाझप चालावे लागते. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात, भाजी-फोडणीसह सगळे मिळून, २० ते ३० ग्रॅम तेल पुरे. म्हणजे चार ते सहा लहान चमचे. या हिशेबाने चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला साधारण अडीच ते साडेतीन लिटर तेल लागावे. पाच लिटरचा डबा महिन्याच्या आतच वाजत असेल तर तेल कुठे जाते, याचा शोध घरच्यांनी घ्यावा.

कोणते तेल वापरावे, हा नेहमीचा प्रश्न. पूर्वी आपल्या भागात करडईचे तेल सर्रास असे. त्यात रक्तवाहिन्यांना जाचक ठरणारा संपृक्त भाग फार थोडा, दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. शेंगदाण्याच्या तेलात तो साधारण पाचवा हिस्सा असतो. पामतेलात मात्र तो जवळपास निम्मा असतो. त्यामुळे पामतेल रोजच्या वापराचे एकमेव तेल असू नये. करडईचे तेल चटणीवर कच्चे घ्यायला किंवा तव्यावरच्या धपाट्याला उत्तम. पण ते पुन्हा पुन्हा तापवले तर लवकर खराब होते. तळणाला शेंगदाण्याचे तेल बरे. महिन्याला आलटून पालटून दोन-तीन प्रकारची तेले वापरणे हा शहाणपणाचा मार्ग.

वनस्पती तूप धपाट्याला लावू नये. तेल गोठवून तूप करताना त्यात ‘ट्रान्स’ प्रकारची चरबी तयार होते आणि ती हृदयाला सर्वांत घातक असते. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पती तुपात तिचे प्रमाण दोन टक्क्यांवर नसावे, असा देशात नियम आहे. हा बदल चांगला आहे. पण तेच ते तेल कढईत वारंवार तापवले तर ही चरबी थोड्या प्रमाणात घरीही तयार होऊ शकते.

तळायचेच असेल तर

प्रवासाला किंवा सणाला तळलेले लागतेच. याच पिठाच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या करता येतात. त्यासाठी मेथी-कांदा वगळावा, गव्हाचे पीठ निम्मे घ्यावे आणि पीठ घट्ट मळावे. ओलावा जितका जास्त तितके तेल जास्त शोषले जाते.

तेल नीट तापले आहे का, हे पाहण्यासाठी पिठाची छोटी गोळी टाकावी. ती तळाला जाऊन लगेच वर आली तर तेल तयार आहे. पाण्याचा थेंब टाकून कधीही पाहू नये, तेल उसळून अंगावर येते. तेल गार असेल तर पुरी तेल पिते. धूर निघाला तर तेल जळू लागले, असे समजून आच ताबडतोब कमी करावी. एका वेळी दोन-तीनच पुऱ्या सोडाव्यात. रंग सोनेरी असावा, काळपट तपकिरी नको. पिठाचे पदार्थ फार करपवले की त्यात ‘ॲक्रिलामाइड’ नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, असे २००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

तळलेले पदार्थ जाळीवर निथळावेत. वर्तमानपत्रावर नकोत ! हे वर्तमानपत्रातच लिहावे लागते आहे, पण खरे आहे. छपाईच्या शाईतील द्रव्ये गरम तेलात उतरतात आणि पोटात जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याबद्दल सूचना दिली आहे. तेव्हा अंक वाचावा, जपून ठेवावा, पण त्यावर भजी-पुऱ्या ठेवू नयेत.

तळणीत किती तेल गेले, हे पाहण्याची घरगुती रीत अशी. तळण्याआधी कढईत किती तेल ओतले ते मापाने मोजावे आणि गार झाल्यावर किती उरले तेही मोजावे. कमी झालेले तेल पुऱ्यांच्या संख्येने भागावे. एकदा हा हिशेब करून पाहिलेली गृहिणी पुढच्या वेळी कढई ठेवण्याआधी तव्याचा विचार करते.

उरलेले तेल गार करून गाळावे आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावे. त्यात पुन्हा तळू नये. जुन्या तेलात नवे तेल ओतून ‘वाढवणे’ हे तर सर्वांत वाईट. नव्या दुधात नासके दूध ओतण्यासारखेच ते आहे. तेल काळसर झाले, दाट झाले, फेस धरू लागले किंवा लवकर धुरू लागले तर ते टाकण्याच्याच लायकीचे. हॉटेल व गाड्यांसाठी १ जुलै २०१८ पासून नियमच आहे, की तेलातील खराब झालेल्या द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. ग्राहकाजवळ ते मोजायचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असतेच. कढई काळी, तेल काळे आणि वास खवट, असे दिसले की तेथून पुढे चालू लागावे.

अपघात टाळा

गरम तेलाने भाजल्याच्या घटना सणासुदीच्या दिवसांत घडतात, आणि त्यात लहान मुले असतात. कढईचा दांडा बाहेरच्या बाजूला ठेवू नये. चूल किंवा शेगडी जमिनीवर असेल तर मूल जवळ खेळू देऊ नये. साडीचा पदर खोचून घ्यावा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नये, भडका उडतो. गॅस बंद करावा आणि कढईवर धातूचे मोठे झाकण सरकवावे. जळती कढई उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. अंगावर तेल उडाले तर भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा, डोळे, हाताचा पंजा किंवा मोठा भाग भाजला असेल, किंवा मूल लहान असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून त्वरित दवाखाना गाठावा.

काही नेहमीचे प्रश्न

मधुमेह आहे, धपाटे चालेल का ?
चालेल, पण मोजून. ज्वारी चांगली म्हणून कितीही खावी, असे नाही. तिच्यातही शंभर ग्रॅममागे सत्तरएक ग्रॅम पिष्टमय भाग आहे. एका वेळी एक किंवा दोन धपाटे, सोबत दही आणि भरपूर कोशिंबीर घ्यावी. पिठात भाजी जितकी जास्त तितके चांगले. धपाट्याबरोबर पुन्हा भात किंवा बटाट्याची भाजी नको. गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बदलू नये.

रक्तदाब आहे, काय टाळावे ?
येथे खरा शत्रू तेलापेक्षा मीठ आहे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, यापुढे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धपाट्यात मीठ बेताचे घातले आणि सोबत लोणचे, पापड, खारी मिरची घेतली, तर काय उपयोग ? त्याऐवजी बिनमिठाचे दही आणि लिंबू घ्यावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

लहान मुलांना कधीपासून द्यावे ?
वर्षाच्या पुढच्या मुलाला मऊ, पातळ, मिरची न घातलेले धपाटे दह्यात कुस्करून देता येते. शाळेच्या डब्यात बिस्किटांऐवजी तिळाचे छोटे धपाटे द्यावे. मुलांना आकाराचे आकर्षण असते, पुरीएवढे धपाटे ती आवडीने खातात.

गरोदरपणी मेथीच्या धपाट्याने रक्त वाढेल का ?
मदत होईल, पण तेवढ्यावर भागणार नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. धपाटे हा गोळ्यांचा सोबती आहे, गोळ्यांच्या जागी येणारा नव्हे.

आम्लपित्ताचा त्रास होतो.
मग लसूण-मिरची कमी करावी, ओवा ठेवावा, आणि रात्री उशिरा धपाटे खाऊन लगेच आडवे होऊ नये.

प्रवासात किती टिकतात ?
मेथी, कांदा किंवा दही घातलेले धपाटे उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावे. फक्त लसूण, तीळ घातलेले, घट्ट पिठाचे धपाटे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगले राहतात. गरम असताना डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. वाफेचे पाणी सुटते आणि ते आंबतात. पूर्ण निवल्यावर कोरड्या सुती फडक्यात बांधावे. चिकट तार आली किंवा आंबूस वास आला तर मोह न करता टाकून द्यावे.

शेवटी एवढेच

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्य वर्ष म्हणून जगभर साजरे केले. शहरांतील मोठ्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे पोहे सुंदर वेष्टनात आले. आपल्या घरात मात्र ज्वारीला कुठले वेष्टन लागत नाही. कणगीतली किंवा बाजारातून आणलेली चार किलो ज्वारी, मूठभर हरभरा डाळ, वाफ्यातली मेथी आणि दोन हात एवढेच भांडवल पुरते. ज्या समाजांच्या हातून त्यांचे धान्य हिसकावले गेले, त्यांना ते परत मिळवायला पिढ्या लागत आहेत. आपले धान्य अजून आपल्या शिवारात आहे, चक्की गल्लीत आहे आणि थापणारे हात घरात आहेत. ते हात फक्त आईचे आणि सुनेचेच असले पाहिजेत, असेही नाही. मुलांनी आणि घरच्या पुरुषांनीही एखाद्या रविवारी फडके ओले करून बसावे. पहिली दोन धपाटी तुटतील, तिसरे जमेल.

येत्या आठवड्यात एक प्रयोग करा. तेलाच्या डब्याशेजारी एक लहान चमचा कायमचा ठेवा. आठवड्यातून दोन दिवस रात्रीच्या पोळ्या-भाताऐवजी ज्वारीचे धपाटे, दही आणि कोशिंबीर एवढेच जेवण ठेवा. महिन्याच्या शेवटी तेलाचा डबा उचलून पाहा. तो नेहमीपेक्षा जड लागला, तर समजा की घरच्यांच्या हृदयावरचा भार तेवढा हलका झाला.